गॅस ग्रिलच्या जाळ्या बदलताना : कामाच्या नोंदी

११ जानेवारी

आज मासा उलटताना उलथन्याखाली कचकन काहीतरी लागलं. पाहिलं तर उजव्या जाळीच्या दोन सळ्यांवरचं काळं एनॅमल नखाएवढं उडालेलं, खालचं लोखंड तांबूस पडलेलं. मासा बाजूला ठेवला आणि ग्रिल बंद केलं.

एनॅमल म्हणजे लोखंडावर वितळवून बसवलेली काच. कोपरा आपटला किंवा धातूच्या उलथन्याचा ठोका बसला की तिचा टवका उडतो. मग त्या कडेनं ओल आत शिरते, गंज धरतो, गंज फुगतो आणि शेजारचा टवका उचलून टाकतो. एकदा सुरू झालं की हे थांबत नाही. रंगासारखं घरी पुन्हा लावायची सोयही नाही, कारण हा थर भट्टीत साधारण ८०० अंशांना भाजावा लागतो. काचेचा कण घासात येण्याची शक्यता असलेली जाळी मी वापरणार नाही. दोन्ही बदलायच्या.

१२ जानेवारी

मापं घेतली. सिलिंडर बंद, रेग्युलेटर काढून बाजूला, मगच हात आत.

पेटीची आतली खोली, म्हणजे पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत, ४४२ मिमी. रुंदी ६१२. जाळी ज्या कडेवर टेकते ती कड पुढे-मागे १४-१४ मिमी. तीन ठिकाणी मोजलं, कारण पेटी ओतीव अॅल्युमिनियमची आहे आणि अशा पेट्या मधोमध किंचित वेगळ्या भरतात. सर्वांत लहान माप धरायचं.

जुनी जाळी ३०० मिमी रुंद, सळ्या ५ मिमीच्या, वजन १.३ किलो. हातात घेतली तेव्हाच लक्षात आलं की एवढ्या हलक्या धातूकडून मी इतकी वर्षं खरपूस चटक्याची अपेक्षा करत होते.

१८ जानेवारी

नवं काही आणण्याआधी जुनं नीट तपासायचं ठरवलं होतं, ते आज केलं. सगळ्या जाळीवर ब्रेडच्या चकत्या शेजारी शेजारी मांडल्या, मध्यम आच, झाकण उघडं, दोन मिनिटं. मग तशाच क्रमानं उलट्या करून ताटात लावल्या. ग्रिलचा नकाशाच समोर आला. डावीकडे गडद तपकिरी, मध्ये बदामी, उजवीकडे मागचा कोपरा जवळजवळ पांढरा.

हा दोष मी आजवर जाळीच्या माथी मारत होते. बर्नर बाहेर काढून उजेडात धरला तर उजव्या बर्नरची मागची भोकं काजळीनं आणि चरबीनं बुजलेली. प्रत्येक भोक बारीक तारेनं मोकळं केलं, तोंडाच्या नळीतून बाटली धुण्याचा लांब ब्रश फिरवला. त्या नळीत कोळ्यानं जाळं विणलेलं असू शकतं. ते राहिलं तर गॅसला हवा कमी मिळते आणि ज्योत पिवळी, आळशी होते. बर्नरवर कौलांसारखे बसतात ते पत्रेही खरवडले. जोडणी झाल्यावर सगळ्या सांध्यांना साबणाच्या पाण्याचा फेस लावून पाहिला, कुठे बुडबुडा नाही. प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही हवेपेक्षा जड असतात, गळती झाली तर गॅस खाली साचून राहतो. म्हणून ही पाच मिनिटं मी कधीच वाचवत नाही.

पुन्हा ब्रेड. या वेळी उजवा मागचा कोपरा फक्त एक छटा फिका. अर्ध्याहून जास्त तक्रार साफसफाईतच मिटली. ज्यांना जाळी बदलायची आहे त्यांना मी हेच आधी करायला सांगेन, नाहीतर महागातली जाळीही त्याच थंड कोपऱ्यावर बसते.

२४ जानेवारी

आठवडाभर एकाच प्रश्नात अडकले होते : बीड, म्हणजे ओतीव लोखंड, की स्टेनलेस? ज्याला विचारावं तो आपल्या धातूची बाजू घेतो. शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

बीड उष्णता वाहून नेण्यात स्टेनलेसच्या साधारण तिप्पट सरस. पण साठवण्याचं म्हणाल तर सारख्याच आकाराच्या तुकड्यात स्टेनलेस थोडं जास्तच साठवतं. बिडाची जाळी ‘आच धरून ठेवते’ असं आपण म्हणतो, त्याचं मोठं कारण तिची जाडी आहे. बिडाच्या सळ्या बारीक ओतल्या तर मोडतात, म्हणून त्या जाड असतात. स्टेनलेसची जाळी मात्र ४ मिमीच्या तारेचीही मिळते, आणि तिच्यामुळे स्टेनलेसचं नाव खराब होतं.

सळईची जाडी दुप्पट केली की वजन चौपट होतं. ५ मिमीची सळई मीटरला सुमारे १५० ग्रॅम, ८ मिमीची ४०० ग्रॅम, १० मिमीची ६३० ग्रॅम. माझ्या मापाची ८ मिमी सळ्यांची जाळी ३.४ किलो भरेल. बिडाची तयार जाळी साडेपाच किलोची आहे. २५० अंशांनी तापवायला जुन्या जाळीला सुमारे १६० किलोज्यूल लागत होते, ८ मिमी स्टेनलेसला ४२५ लागतील, बिडाला ६३० च्या आसपास. तेवढीच शिदोरी थंडगार तुकडा वर पडल्या क्षणी खर्चायला हाताशी असते. पातळ सळई आपली आच पहिल्या काही सेकंदांत देऊन मोकळी होते, मग तुकडा फक्त खालच्या गरम हवेवर शिजतो. पांढुरका, ओलसर.

आकडे मांडल्यावर मन शांत झालं. डावीकडे बीड, उजवीकडे ८ मिमी स्टेनलेस. दोन्ही वर्षभर शेजारी शेजारी वापरून पाहायच्या.

१० मिमीचा मोह झाला होता. पण तेवढी जाडी तापायला वेळ घेते, आणि सळ्यांमधली फट राखायची तर सळ्यांची संख्या कमी करावी लागते.

संध्याकाळी भाऊजी आले होते. म्हणाले, “अहो, जुन्या फ्रिजची जाळी पडलीय माझ्याकडे, अगदी याच मापाची. कशाला खर्च करता?” त्यांना चहा दिला आणि ठाम नाही म्हटलं. फ्रिजच्या जाळ्यांवर मुलामा असतो. जुन्या जाळ्यांवर तो कॅडमियमचाही असे, आणि कॅडमियम तापलं की त्याची वाफ विषारी. जस्ताचा मुलामा असेल तर जस्त ४२० अंशांच्या आतच वितळतं, आणि ज्योतीला लागून असलेली सळई तिथवर जाऊ शकते. जी वस्तू थंडाव्यासाठी बनवली ती आगीवर ठेवायची नाही. भाऊजींनी ते ऐकून घेतलं आणि घरी गेल्यावर ती जाळी भंगारात काढल्याचा निरोपही पाठवला. फार बरं वाटलं.

१ फेब्रुवारी

बिडाची जाळी आली. एनॅमल नसलेली, उघडी. वरून एका बाजूला सपाट पट्टी, दुसऱ्या बाजूला निमुळती धार. सपाट बाजू वर ठेवणार. जेवढा धातू अन्नाला टेकेल तेवढा चटका.

गरम पाणी आणि साबणानं कारखान्यातला मेणकट थर काढला. साबण या एकाच वेळी. लगेच फडक्यानं पुसून ग्रिलवरच मंद आचेवर कोरडी केली. उघडं बीड ओलं राहिलं की तासाभरात तांबूस व्हायला लागतं.

मग तेल लावून झाकण बंद, २३० अंशांच्या आसपास एक तास.

२ फेब्रुवारी

सकाळी हात लावला तर जाळी चिकट. सळ्यांच्या खालच्या बाजूला तेलाचे थेंब गोठून मधासारखे लोंबत होते. तेल जास्त झालं.

सीझनिंगमध्ये, म्हणजे बिडावर तेल तापवून थर बसवताना, तेल नुसतं सुकत नाही. तापल्यावर त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि धातूवर घट्ट पापुद्रा बनतो. थर जाड असेल तर वरची साय धरते आणि आतलं तेल अर्धकच्चं राहतं. तेच बोटाला चिकटतं. चिकट भाग खरवडला, जाळी पुन्हा तापवली, आणि या वेळी तेल लावल्यावर कोरड्या सुती फडक्यानं असं पुसलं की जणू तेल लावलंच नव्हतं. एक तास. थंड होऊ दिलं. पुन्हा तसंच. तीन थर झाले तेव्हा रंग करड्याचा काळा झाला, मऊसर चकाकी आली.

तेल सोयाबीनचं वापरलं. जवसाच्या तेलाचा पापुद्रा सुंदर आणि कडक होतो, पण तो ठिसूळ असतो आणि जोराच्या आचेवर पुढे सुटतो, असा माझा एका जुन्या कढईवरचा अनुभव आहे.

९ फेब्रुवारी

स्टेनलेसच्या सळ्या आणल्या. मागितल्या होत्या ३०४ प्रतीच्या, म्हणजे ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. खिशातलं चुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही. ४३० प्रतीत निकेल जवळजवळ नसतं, तिला चुंबक घट्ट धरतं आणि ती गंजाला तितकी पुरी पडत नाही. ३०४ सुद्धा वाकवलेल्या किंवा कापलेल्या जागी किंचित चुंबक धरते, म्हणून सळईच्या मधोमध तपासायचं, टोकाला नाही.

लांबी किती ठेवायची यावर बराच विचार केला. ३०४ स्टील बिडापेक्षा बरंच जास्त प्रसरण पावतं. ४३६ मिमीची सळई ३०० अंशांनी तापली की सव्वादोन मिमीनं वाढते, बीड तेवढ्याच लांबीत दीडही वाढत नाही. पेटीत ४४२ मिमी जागा. ४३६ ठेवली तर गार असताना एकूण ६ मिमी फट राहते, आणि जाळी एका टोकाला पूर्ण सरकली तरी दुसरं टोक कडेवर ८ मिमी टेकलेलंच असतं. यापेक्षा आखूड केली तर टोक घसरून जाळी बर्नरवर पडण्याची भीती.

अठरा सळ्या, मध्ये सव्वानऊ मिमीची फट, खालून दोन आडव्या सळ्या. कागदावर काढून वेल्डिंगवाल्या काकांकडे दिलं.

१५ फेब्रुवारी

जाळी आली आणि दोन गोष्टी चुकल्या. त्यातली एक माझ्या चित्रातली.

आडव्या सळ्या मी अगदी टोकांशी दाखवल्या होत्या. त्यामुळे कडेवर टेकत होत्या त्या आडव्या सळ्या, आणि जाळी ८ मिमी उंच उभी राहिली. शेजारच्या बिडाच्या जाळीपाशी पायरी झाली. उलथनं तिथे अडणार, आणि अन्न ज्योतीपासून विनाकारण लांब जाणार. दुसरं म्हणजे वेल्डिंगच्या उष्णतेनं जाळी होडीसारखी वाकली होती. ओट्यावर ठेवली की डुलायची.

काकांना फोन केला. ते म्हणाले, “ताई, घेऊन या, टाके तोडून देतो. आडवी सळई चार बोटं आत घेऊ. आणि मी एका बाजूनं सलग टाके मारत गेलो, तिथे ओढ बसली.” चूक माझी होती तरी त्यांनी आपलीही मोकळेपणानं सांगितली.

१६ फेब्रुवारी

काकांच्या दुकानात दोन तास. या वेळी त्यांनी टाके एक इकडे, एक तिकडे असे मारले, मध्ये थंड होऊ दिले. आर्गॉन वायूचं वेल्डिंग, त्यामुळे वितळलेल्या धातूचे शिंतोडे नाहीत. टाक्यांभोवती आलेली निळी-काळी झाक रासायनिक लेपानं उतरवून घेतली, कारण त्या जागी क्रोमियमचा रक्षक थर दुबळा झालेला असतो आणि गंज तिथूनच शिरतो. नंतर भरपूर पाण्यानं धुतली.

जाळी सपाट बसली. दोन्ही जाळ्या एका पातळीत. वजन ३.४ किलो, कागदावर आलं होतं तेवढंच.

२२ फेब्रुवारी

आजचा दिवस गोंधळात गेला, सविस्तर लिहून ठेवते.

सगळे बर्नर पूर्ण, झाकण बंद, पंधरा मिनिटं. मग दुरून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक रोखली. बीड : २९० अंश. स्टेनलेस : १३५. पुन्हा घेतलं. बीड २९५, स्टेनलेस १२८, एका जागी ९०.

पोटात खड्डा पडला. एवढं मोजमाप, काकांचे एवढे कष्ट, आणि अर्धंही तापत नाही? आणखी दहा मिनिटं थांबले. स्टेनलेस १४५. बर्नर बंद करून, गार झाल्यावर उजवा बर्नर परत काढून पाहिला. साफ होता. ज्योत दोन्हीकडे सारखी निळी.

रात्री झोप लागेना.

२३ फेब्रुवारी

ब्रेडनं सोडवलं. तीच तयारी, तीच पंधरा मिनिटं, दोन्ही जाळ्यांवर चार-चार चकत्या. सव्वा मिनिटात उलटल्या तर दोन्हीकडे रेघा गडद तपकिरी, जवळजवळ एकाच छटेच्या. हा तपकिरी रंग मायार प्रक्रियेचा, लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १९१२ मध्ये सांगितलेला : प्रथिनांचे घटक आणि साखर एकत्र येऊन तो बनतो, आणि पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे गेल्यावर वेग धरतो. ९० अंशांच्या सळईवर सव्वा मिनिटात असा रंग येणं शक्यच नाही. म्हणजे बंदूक चुकीचं सांगत होती.

कारण शोधल्यावर साधं निघालं. बंदूक तापमान मोजत नाही, वस्तूतून बाहेर पडणारे उष्णतेचे किरण मोजते. काळं, तेल मुरलेलं बीड हे किरण मोकळ्या हातानं सोडतं. चकचकीत स्टेनलेस फार थोडे सोडतं, उलट आरशासारखं समोरच्या गार आकाशाचं प्रतिबिंब परत देतं. माझी बंदूक काळपट वस्तू गृहीत धरून आकडा काढते. शिवाय हातभर लांबून तिचा ठिपका चार-पाच सेंटिमीटरचा होतो, म्हणजे सळई, फट आणि खालचा पत्रा यांची सरमिसळ.

खात्री करायला स्टेनलेसच्या जाळीवर बिडाची छोटी सपाट पाटी पंधरा मिनिटं ठेवली आणि तिच्यावर बंदूक रोखली. २७० अंश. मग सळईवरच पाण्याचा थेंब टाकला. तो चर्र करून उडून गेला नाही, पाऱ्यासारखा गोळा होऊन घरंगळला आणि फटीतून खाली पडला. थेंब असा वाफेच्या गादीवर तरंगू लागतो तेव्हा धातू साधारण २०० अंशांच्या आसपास किंवा त्यापुढे गेलेला असतो.

कालची रात्र वाया गेली, पण स्टेनलेसबद्दलच्या कितीतरी तक्रारी अशाच बंदुकीतून आल्या असतील, हे आता मला दिसतं.

८ मार्च

दोन आठवडे दोन्ही बाजू रोज नाही तरी बऱ्याचदा वापरल्या.

बिडाला तापायला अठरा मिनिटं, स्टेनलेसला चौदा. जुन्या जाळीला आठ लागायची. म्हणजे घाई असेल त्या दिवशी ग्रिल आधी पेटवायचं आणि भाज्या नंतर चिरायच्या, एवढा बदल.

जाड मांसाचा तुकडा बिडावर ठेवला की रुंद, जवळजवळ काळ्या पट्ट्या येतात, आणि दुसरा तुकडा त्याच जागी ठेवला तरी आच पडत नाही. हे सुख जुन्या जाळीवर कधी मिळालं नव्हतं. स्टेनलेसची सळई गोल, ती एका रेषेतच टेकते, म्हणून रेघा बारीक आणि रेखीव. वांग्याच्या चकत्या, मक्याची कणसं, मासे मला तिथे जास्त आवडतात. मासा चिकटतो अशी भीती असते. पूर्ण तापलेल्या सळईवर, तेल माशाला लावून, तो स्वतःहून सुटेपर्यंत हात न लावता थांबलं तर तो सुटतो. घाईनं ओढला की कातडी जाळीलाच राहते, धातू कोणताही असो.

लिंबू किंवा टोमॅटोच्या मसाल्यात मुरवलेलं सगळं आता उजवीकडे. आंबट रस बिडावरचा पापुद्रा खातो, एकाच संध्याकाळी दोन सळ्यांवर करडे डाग उमटले होते. ते पुसून, पुन्हा एक पातळ थर देऊन भरून काढले.

उजवी अर्धी बाजू सपाट पाटीनं झाकून टाकावी असं एकदा मनात आलं. पण मग पूर्ण पेटी भरून पाटी नको, अशी खूणगाठ बांधली. ज्योतीतून निघालेली गरम हवा वर आणि मागून बाहेर पडली पाहिजे. सगळ्या फटा बंद केल्या, अगदी अॅल्युमिनियमच्या कागदानंही, तर ती पुढच्या बटणांकडे वळते. बटणं वितळतात, नळ्याही तापतात. पाटी ठेवली तरी एका बर्नरपुरती, मागे मोकळी जागा सोडून.

२१ मार्च

साफसफाईची पद्धत बसली. जेवण झाल्यावर झाकण लावून दहा मिनिटं पूर्ण आच, मग गॅस बंद आणि जाळी गरम असतानाच लाकडी खरवडणीनं सळई-सळई ओढायची. खरवडणीच्या टोकाला आठवडाभरात सळ्यांच्या मापाच्या खाचा आपोआप पडल्या, आता ती गोल सळईला तिन्ही बाजूंनी बसते. बिडाला वर तेलाचा पुसट हात. गरम बिडावर गार पाणी कधीच नाही, ते तडकतं.

तारेचा ब्रश घरातून काढून टाकला. त्याची सुटलेली तार जाळीला चिकटून अन्नात जाते. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्समधल्या डॉक्टरांनी मार्च २०११ ते जून २०१२ या काळात अशा तारा गिळलेल्या सहा रुग्णांची नोंद केली होती, कुणाच्या गळ्यात रुतलेली, कुणाच्या आतड्याला भोक पाडलेली. हे वाचल्यावर ब्रश बदलत बसायचं कारणच उरलं नाही.

१२ एप्रिल

स्टेनलेस आता चांदीसारखं राहिलेलं नाही. बर्नरच्या वरच्या पट्ट्यात गवती पिवळं, मग तांबूस, मध्ये निळं. तो उष्णतेनं वाढलेला ऑक्साइडचा थर आहे, गंज नाही, म्हणून घासून उजळवत बसत नाही. आज सहज बंदूक रोखली : २१० अंश. बिडाची पाटी ठेवून पाहिलं तर २७५. सळई काळवंडत जाईल तशी बंदूक खऱ्याच्या जवळ येत चालली आहे.

बिडाच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याशी, जिथे झाकणावरचं दव टपकतं, तिथे तांदळाएवढा गंजाचा ठिपका दिसला. पॉलिश पेपरनं घासला, तेल पुसलं, बर्नर मंद ठेवून दिला. तासाभरानं पाहायचं आहे.